नदी म्हणजे नळ नव्हे

दोन वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली गोष्ट. मी वास्कोत घरूनच काम करत बसलो होतो आणि डिचोली तालुक्यातल्या आजोळहून मामेभावाचा फोन आला. मामांच्या कुळागराच्या कडेने एक व्हाळ वाहतो. सकाळी आठच्या सुमारास त्याचं पाणी एकदम तांबूस झालं आणि आंबट वास सुटला. काजूचा हंगाम होता. वरच्या अंगाला कुणीतरी भट्टीतलं उरलेलं पाणी आणि बोंडांचा चोथा व्हाळात सोडला असणार. कोण ते आम्ही शोधायला गेलो नाही. गावात असल्या गोष्टी शोधून काढल्या तर पुढची दहा वर्षं एकमेकांच्या घरी चतुर्थीला जाता येत नाही.

मामांची अडचण वेगळी होती. बागेतल्या तळ्यात त्यांनी रोहू आणि कटला सोडले होते. उन्हाने तळं खाली गेलं होतं आणि ते व्हाळावरच्या बंधाऱ्यातून पंपाने भरायचं होतं. दुपारी बारापर्यंत पाणी दिसायला स्वच्छ झालं होतं. घाण पुढे निघून गेली की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. घरात बीई झालेला भाचा मी एकटाच, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

मी लगेच हिशोब मांडला. घाण पडली ती जागा साधारण दोन किलोमीटर वर. पाण्यावर टाकलेलं पान सेकंदाला चाळीस सेंटिमीटर जातं, हे लहानपणी पानांच्या शर्यती लावल्यामुळे ठाऊक होतं. दोन हजार भागिले शून्य पूर्णांक चार, म्हणजे पाच हजार सेकंद, दीड तासाच्या आत. सकाळी आठला आलेलं पाणी बारापर्यंत कधीच पुढे गेलं. मी ठामपणे सांगितलं, "मामा, गेलं सगळं. संध्याकाळी पंप लावा."

मामांनी पंप लावला. दुसऱ्या दिवशी पहाटे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते. सूर्य वर येईपर्यंत बहुतेक सगळे उलटे झाले. दीड वर्ष वाढवलेले मासे होते.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. मीच फोन करून माफी मागितली तेव्हा एवढंच म्हणाले, "न्हंय म्हळ्यार नळ न्हय रे बाबू." नदी म्हणजे नळ नव्हे. कोकणीत "न्हंय" आणि "न्हय" इतके जवळचे शब्द आहेत की त्या दु:खातही मामी हसली.

माझं कुठे चुकलं ते शोधताना मला कळलं की हा एक अख्खा विषय आहे. नदीत विरघळलेली वस्तू कधी पोहोचते, वाटेत किती पसरते आणि नदीचा श्वास कधी परत येतो, हे मोजणारी माणसं जगात शंभरहून जास्त वर्षं काम करत आहेत. मामांच्या एका वाक्यात जे होतं, ते त्यांनी आकड्यांत मांडलं आहे. त्याबद्दल थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या गावाला एखादी नदी असतेच.

पहिला प्रश्न: कधी पोहोचेल?

पाण्यात काहीतरी ओळखू येणारं टाकायचं आणि खाली ते कधी येतं ते पाहायचं, ही युक्ती जुनीच. तिचा सर्वांत गाजलेला प्रयोग 1877 चा आहे. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एके ठिकाणी जमिनीच्या भेगांत गडप होतं. काही किलोमीटरवर आख नावाचा मोठा झरा आहे. दोन्ही पाणी एकच का, यावरून गिरणीवाल्यांमध्ये भांडण होतं. आडोल्फ क्नोप या प्राध्यापकांनी त्या भेगांत मीठ आणि तेल टाकून पाहिलं, आणि ऑक्टोबरमध्ये 10 किलो फ्लुओरेसीन ओतलं. हा रंग आडोल्फ फॉन बायर यांनी 1871 मध्ये, म्हणजे सहाच वर्षांपूर्वी पहिल्यांदा तयार केला होता. साधारण 60 तासांनी आखचा झरा हिरवा चमकू लागला. भांडण मिटलं असं म्हणवत नाही, पण पाणी कुणाचं हे कळलं.

आज याच कामासाठी बहुधा ऱ्होडामिन डब्ल्यूटी नावाचा लाल रंग वापरतात. त्याच्यावर विशिष्ट प्रकाश पाडला की तो चमकतो, आणि उपकरणाला तो अब्जात एका भागापेक्षाही कमी असला तरी दिसतो. म्हणून इतका थोडा रंग पुरतो की खालच्या गावांना पाणी रंगीत दिसतही नाही. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण खात्याने अशा रंगाने अनेक नद्यांचे प्रवासकाळ मोजून ठेवले आहेत. उद्या टँकर उलटला तर पाणी कुठे कधी पोहोचेल, हे त्यांना आधीच माहीत असतं.

असं आधी माहीत असणं का महत्त्वाचं, ते युरोपला 1 नोव्हेंबर 1986 ला कळलं. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायच्या पाण्याबरोबर कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली, पाणी लाल झालं, वाम माशांचा प्रचंड नाश झाला. खाली नदीवर अनेक शहरांचा पाणीपुरवठा. नळ कधी बंद करायचे आणि कधी सुरू करायचे, हाच प्रश्न होता. मामांचाच प्रश्न, फक्त कोट्यवधी माणसांच्या मापाने. त्यानंतर ऱ्हाइनकाठच्या देशांनी मिळून एक इशारा प्रणाली तयार केली. नदीत रंग सोडून, ठिकठिकाणी मोजून तिचे आकडे जुळवले. आज अपघात झाला की ती सांगते, अमुक गावी लाट अमुक वाजता येईल, शिखर अमुक वाजता, आणि शेपूट अमुक वाजता संपेल.

मी फक्त "येईल" एवढंच मोजलं होतं. शिखर आणि शेपूट माझ्या हिशोबात नव्हतंच.

दुसरा प्रश्न: किती पसरेल?

नळातून पाणी जातं तसं नदीतून जात नाही. नदीच्या मध्यभागी आणि वरच्या थरात पाणी वेगात असतं. तळाशी, काठाशी, दगडांच्या आड ते मंद असतं. पान नेहमी वेगवान वरच्या थरावर पोहतं. म्हणजे पानाने मोजलेला वेग हा नदीतल्या सर्वांत घाईच्या पाण्याचा वेग. माझी पहिली चूक हीच.

आता एक मूठ मीठ टाकलं असं समजा. त्यातलं काही मधल्या प्रवाहात पडलं, ते पुढे पळालं. काही काठाशी पडलं, ते मागे राहिलं. पाण्यातल्या खळबळीमुळे हे कण सतत आत-बाहेर, वर-खाली जागा बदलतात. म्हणून एक ढेकूळ हळूहळू लांबट ढग बनतं. केंब्रिजचे जेफ्री टेलर यांनी 1953 मध्ये नळीतल्या पाण्यासाठी याचं गणित मांडलं, आणि पुढच्या वर्षी खळाळत्या प्रवाहासाठी. त्यांचं म्हणणं असं की वस्तू पसरते ती मुख्यतः वेगातल्या फरकामुळे. नुसती विरघळून पसरली असती तर तिला फार वेळ लागला असता. साठच्या दशकात ह्यूगो फिशर यांनी हेच खऱ्या, वाकड्यातिकड्या नद्यांना लावलं. तिथे रुंदीतला फरक सर्वांत मोठा ठरतो: मध्ये धावणारं पाणी आणि काठाला रेंगाळणारं पाणी.

त्यात आणखी एक गोष्ट असते. नदीला कोपरे असतात. डोह, मुळांच्या आडचं पाणी, बंधाऱ्यामागचा फुगवटा. ढगातला थोडा भाग तिथे शिरतो आणि मुख्य ढग निघून गेल्यावर हळूहळू बाहेर येत राहतो. म्हणून खाली मोजलेला आलेख घंटेसारखा सारखा नसतो. चढताना तो पटकन चढतो, उतरताना लांब शेपूट सोडून उतरतो.

सॉफ्टवेअरमध्ये असणाऱ्यांना हे लगेच कळेल. सर्व्हरचा सरासरी प्रतिसाद कितीही चांगला असला तरी ग्राहक तक्रार करतो ती सर्वांत उशिरा पोहोचलेल्या शंभरातल्या एकामुळे. मी ऑफिसात रोज शेपटीची काळजी करतो आणि आजोळच्या व्हाळाला मात्र सरासरीसुद्धा न काढता उत्तर देऊन मोकळा झालो.

आता बंधाऱ्याचा हिशोब बघा. आपल्याकडे पावसाळा संपला की व्हाळांवर फळ्या घालून पाणी अडवतात. मामांच्या बंधाऱ्यामागे साधारण दीडशे मीटर लांब, आठ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल पाणी साठतं. म्हणजे 1,800 घनमीटर. व्हाळात त्या दिवसांत येणारं पाणी सेकंदाला सुमारे 50 लिटर (हे आम्ही नंतर मोजलं, कसं ते पुढे सांगतो). तेवढ्या पाण्याने हा साठा बदलायला 36,000 सेकंद लागतात. दहा तास! तेही सरासरी. पहिल्या दोन किलोमीटरचा हिशोब मी दीड तासाचा केला आणि शेवटच्या दीडशे मीटरचे दहा तास विसरलो. दुपारी बारा वाजता घाण पुढे गेली नव्हती. बंधाऱ्यात पसरून, पातळ होऊन, डोळ्यांना दिसेनाशी होऊन तिथेच बसली होती.

तिसरा प्रश्न: नदीचा श्वास कधी परत येतो?

पण पातळ झाली होती ना, मग मासे का मेले? हा प्रश्न मला सर्वांत जास्त दिवस छळत होता.

काजूच्या बोंडाचा रस विष नव्हे. तो साखर आहे. आणि साखर म्हणजे पाण्यातल्या जिवाणूंना जेवण. ते जेवायला बसतात तेव्हा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पाणी 30 अंशांना असताना, एका लिटर गोड्या पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत माशांसाठीच्या पाण्यात तो निदान 4 मिलिग्रॅम असावा, आंघोळीच्या पाण्यात 5. म्हणजे आपली शिल्लकच थोडी. तिच्यातून उसने घ्यायला फारसा वाव नाही.

खर्च जिवाणू करतात, जमा हवा करते. पाण्याच्या पृष्ठभागावरून हवेतला ऑक्सिजन आत जातो. याला पुनर्वातन म्हणतात, मी त्याला नदीचा श्वास म्हणतो. जमा आणि खर्च यांचं पहिलं गणित 1925 मध्ये अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी मांडलं. त्यातून निघणारी गोष्ट साधी, पण डोळे उघडणारी आहे. घाण जिथे पडते तिथे ऑक्सिजन सर्वांत कमी नसतो. जिवाणूंना वाढायला आणि खायला वेळ लागतो, तोवर पाणी पुढे वाहत असतं. म्हणून ऑक्सिजनचा आलेख खाली खाली जातो, पुढे कुठेतरी तळ गाठतो आणि मग सावकाश वर येतो. झोपाळ्याच्या दोरीसारखा मध्ये लोंबतो. तळ कुठे येईल ते नदीचा श्वास किती जोरात आहे यावर ठरतं.

तो जोर कशावर अवलंबून? मुख्यतः वेग आणि खोली. 1958 मध्ये ओकॉनर आणि डॉबिन्स यांनी दिलेलं सूत्र आजही वापरतात. अर्धा मीटर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणाऱ्या पाण्याला लावलं, तर ऑक्सिजनची निम्मी तूट सुमारे दोन तासांत भरून निघते. तेच दोन मीटर खोल आणि सेकंदाला पाच सेंटिमीटर सरकणाऱ्या पाण्याला लावलं, तर निम्मी तूट भरायला दोन दिवसांहून जास्त लागतात. पंचवीसपट फरक. खळाळता व्हाळ धापा टाकत का होईना श्वास घेतो. बंधाऱ्यामागचं पाणी जवळजवळ श्वास रोखून बसलेलं असतं.

हा श्वास प्रत्यक्ष मोजायचा कसा, याची युक्ती मला फार आवडली. ऑक्सिजन मोजून चालत नाही, कारण हवा भरत असते तेव्हाच जिवाणू खात असतात. जमा वेगळी काढता येत नाही. म्हणून साठच्या दशकात अर्नेस्ट त्सिव्होग्लू यांनी असा वायू वापरला जो कुणीच खात नाही: किरणोत्सारी क्रिप्टॉन-85. तो ट्रिशियम आणि रंग यांच्याबरोबर पाण्यात सोडायचा. ट्रिशियम किती कमी झालं यावरून किती पातळ झालं ते कळतं. क्रिप्टॉन त्याहून जास्त कमी झाला तर तेवढा हवेत उडाला. पाणी ज्या तत्परतेने क्रिप्टॉन सोडतं, ठरावीक प्रमाणात त्याच तत्परतेने ऑक्सिजन आत घेतं. म्हणजे बाहेर जाणारा श्वास मोजून आत येणारा ओळखायचा. पुढे किरणोत्सारी वायूऐवजी प्रोपेन वापरायला सुरुवात झाली. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरात असतो, तोच.

आता मामांच्या तळ्यात काय झालं ते सरळ दिसतं. सकाळी व्हाळात साखर आली. दिवसभर ती बंधाऱ्यातल्या मंद, खोल पाण्यात थांबली. जिवाणूंची पंगत बसली. आम्ही संध्याकाळी नेमकं तेच पाणी पंपाने तळ्यात ओढलं. ते तळं तर बिलकूल न वाहणारं. रात्री शेवाळ आणि वनस्पती ऑक्सिजन तयार करत नाहीत, उलट वापरतात. म्हणून कुठल्याही तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे, सूर्योदयाच्या आधी. माशांनी पहाटे तोंड वर काढलं ते त्यामुळे. पाणी डोळ्यांना स्वच्छ होतं. पण ऑक्सिजन आहे की नाही हे डोळ्यांना दिसत नाही.

समुद्राने टाकलेलं मीठ

वास्कोत राहणाऱ्याला हे सगळं आणखी मोठ्या मापात रोज दिसत असतं. माझ्या घराच्या गच्चीवरून झुवारीचं मुख दिसतं. समोर दोनापावलाच्या टेकडीवर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. 1966 मध्ये तिची स्थापना झाली. डॉ. सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मांडवी आणि झुवारी या दोन खाड्यांवर संपादित केलेला अभ्यासग्रंथ त्याच संस्थेतला.

या खाड्यांत रंग ओतायची गरज पडत नाही. समुद्र स्वतःच रोज मीठ आणून टाकतो. भरती-ओहोटीचा परिणाम मांडवीत आणि झुवारीत साधारण 50 किलोमीटर आत, गांजे आणि सांगेपर्यंत जाणवतो. खारटपणा मोजला की गोडं पाणी किती आहे ते आपोआप कळतं. समुद्राच्या एका किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. खाडीत एखाद्या ठिकाणी 28 निघाले, तर तिथलं पाचवा हिस्सा पाणी नदीचं. अशी सगळ्या खाडीची बेरीज केली आणि नदीतून रोज येणाऱ्या पाण्याने भागली, की खाडी स्वतःला धुऊन काढायला किती दिवस घेते ते निघतं.

पावसाळ्यात हे उत्तर छोटं असतं. जून ते सप्टेंबरमध्ये घाटावरून इतकं पाणी येतं की खाडीची घाण लवकर समुद्रात जाते. पण आपला पाऊस जवळजवळ सगळा त्या चार महिन्यांत. मग नदीतून येणारं पाणी आटत जातं आणि मीठ हळूहळू वर चढू लागतं. मेपर्यंत खाडीत खूप आतपर्यंत समुद्रासारखं पाणी असतं. तेव्हा पडलेली घाण भरतीबरोबर वर, ओहोटीबरोबर खाली अशी झुलत राहते, दरवेळी थोडी पसरते आणि सावकाश बाहेर पडते. डिचोलीच्या व्हाळातलं पाणी शेवटी मांडवीतच येतं. म्हणजे मामांच्या बंधाऱ्यात जे झालं ते दरवर्षी उन्हाळ्यात मोठ्या मापात होण्याची सोय निसर्गाने करून ठेवली आहे.

म्हादईचा वाद आपण टीव्हीवर ऐकतो. लवादाने 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा देताना कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिलं. हे आकडे ऐकताना माझ्या मनात आता खारटपणाचा आलेख येतो. वरून गोडं पाणी कमी आलं की मीठ वर सरकतं, हे नदीला कुणी शिकवावं लागत नाही. किती सरकेल, कुठल्या महिन्यात, कुठल्या गावच्या विहिरीपर्यंत, हे मात्र मोजूनच कळतं. भाषणाने कळत नाही.

हे मोजण्याची परंपरा आपल्या भागात जुनी आहे. 1916 मध्ये सुरू झालेलं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र पुण्याजवळ खडकवासल्याला आहे, तिथे नद्या आणि बंदरं यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून प्रयोग होतात. नागपूरला नीरी 1958 पासून पाण्याच्या प्रदूषणाचा अभ्यास करते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने बंदरांतला गाळ कुठे जातो ते किरणोत्सारी खुणा टाकून शोधलं.

आणि संस्था निघण्याच्या कितीतरी आधी आपल्या लोकांना हे हातानं ठाऊक होतं. माझे बाबा पेडणे तालुक्यातले. तिथे शापोरा नदीकाठी आगरवाडा गाव आहे. आगर म्हणजे मिठागर. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, किती दिवस ठेवायचं, कुठल्या वाफ्यातून कुठल्या वाफ्यात सोडायचं, हे सगळं काम म्हणजे खारटपणा मोजणंच. शेजारच्या खाजन शेतांत मानशीची लाकडी दारं असतात. भरती आली की पाण्याच्या दाबाने ती बंद होतात, ओहोटीला उघडतात. शेतातलं पाणी बाहेर, समुद्राचं मीठ बाहेरच. मला आलेख काढायला लॅपटॉप लागला. त्या माणसांना अमावास्या-पौर्णिमा पुरत होती.

एक किलो मीठ आणि सहा मुलं

गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे आजोळी जमलो. मी ठरवलं, आता व्हाळ मोजायचाच. साहित्य: 1 किलो जाडं मीठ, एक बादली, घरच्या आरओच्या पाण्यासाठी घेतलेला पेनसारखा टीडीएस मीटर, मोबाइलचं घड्याळ, आणि आठ ते चौदा वर्षांची सहा भाचरं.

आधी बादलीत 10 लिटर व्हाळाचं पाणी घेऊन त्यात 1 ग्रॅम मीठ विरघळवलं. म्हणजे लिटरला 100 मिलिग्रॅम. मीटर किती वाढतो ते लिहून ठेवलं, म्हणजे पुढच्या आकड्यांचं मिठात रूपांतर करता येईल. मग एक किलो मीठ बादलीत पूर्ण विरघळवून बंधाऱ्याच्या वर, अरुंद खळाळाच्या जागी एकदम ओतलं. साठ मीटर खाली मुलं मीटर धरून बसली. दर दहा सेकंदांनी एकजण आकडा ओरडणार, दुसरा लिहिणार. त्याच वेळी एक पान सोडलं.

पान अडीच मिनिटांत पोहोचलं. मिठाची पहिली चाहूल दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी. शिखर पावणेचार मिनिटांनी. आणि आकडा पुन्हा मूळ जागी यायला अकरा मिनिटं लागली! सहाव्या मिनिटाला धाकटी वैतागून म्हणाली, "मामा, संपलं ना आता?" मी म्हटलं, "थांब, हीच चूक मी केली होती."

घरी येऊन चौथीतल्या बेरजेने काम झालं. मूळ पाण्यापेक्षा जास्त निघालेले सगळे आकडे मिठात रूपांतर करून मिळवले, दहा सेकंदांनी गुणले. आले सुमारे 20,000. टाकलेलं मीठ 10 लाख मिलिग्रॅम. भागाकार 50. म्हणजे सेकंदाला 50 लिटर पाणी. व्हाळाची रुंदी, खोली, काही मोजावं लागलं नाही. टाकलेलं मीठ माहीत असलं आणि खाली त्याचा पूर्ण हिशोब लावला, की पाणी किती ते मिठानेच सांगितलं. आणि मिठाचा सरासरी वेग निघाला सेकंदाला 22 सेंटिमीटर, पानाच्या जवळजवळ निम्मा.

मामा कडेला दगडावर बसून बघत होते. मी वहीतला आलेख दाखवला: पटकन चढणारा, लांब शेपटीने उतरणारा. त्यांनी शेपटीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हांगा मासळी मेली." इथे मासे मेले.

तुम्हालाही करून बघायचं असेल तर दोन-तीन गोष्टी. लहान ओढाच घ्या, जिथे मुलांच्या गुडघ्याच्या वर पाणी नाही. पावसाळ्यात नको. एक किलोपेक्षा जास्त मीठ लागत नाही. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीजवळ किंवा पंपाच्या तोंडाशी करू नका. रंग तर बिलकूल ओतू नका, तो परवानगीने करायचा उद्योग आहे. आणि शेपूट संपेपर्यंत थांबा, कितीही कंटाळा आला तरी.

मामांनी पुन्हा मासे सोडले आहेत. बोटुकलीचे पैसे मी दिले, त्यांनी घेतले नाहीत, शेवटी मामीने गुपचूप घेतले. आता त्यांच्याकडे ऑक्सिजन तपासायचा थेंबांचा एक छोटा संच आहे. वर काही गडबड झाली की ते बंधाऱ्याची फळी काढून पाणी वाहू देतात, दोन दिवस थांबतात, आणि तिसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी पाणी तपासून मगच पंप लावतात. पहाटे का, हे ते गावात इतरांनाही समजावून सांगतात. गेल्या मार्चमध्ये पाणी पुन्हा एकदा तांबूस झालं होतं. या वेळी त्यांनी मला फोन केला तो सगळं निस्तरून झाल्यावर, मासे ठीक आहेत हे सांगायला.